साष्टीतला मुरडा

मुंबई इलाख्यात पान मुरडण्याच्या दुखण्याची नीट चौकशी 1922 साली छापून आली. ती टोमॅटोवरची नव्हती, मिरचीवरची होती. शेतकी खात्यातले जी. एस. कुलकर्णी यांनी ‘अ‍ॅग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये मिरचीच्या मुरड्यावर लेख लिहिला. शेंड्याची पानं आकसतात, कडा खाली वळतात, फुलं गळतात आणि झाड आहे तिथेच थांबतं, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कुणी त्याला हवेचा दोष म्हणे, कुणी जमिनीचा, कुणी दृष्टीचा. कुलकर्णींनी बोट ठेवलं ते कोळी नावाच्या किडीवर. ही कीड इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला ती दिसतच नाही.

त्या लेखाचं मोल मला फार वाटतं. पान वळलं की झाडाला ‘काहीतरी झालं’ असं म्हणून सोडून देण्याऐवजी ते कुणी वळवलं हे विचारायला त्यात सुरुवात झाली. माझी सगळी नोकरी उपनगरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून झाली. काचपट्ट्या धुणं, पानांचे छेद घेणं, मुलांना सूक्ष्मदर्शक लावून देणं हे माझं काम. आता मुलुंडला राहते. आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतून लोक टोमॅटोची पानं घेऊन माझ्याकडे येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काकू, व्हायरस आलाय.’ बहुतेक वेळा तो आलेला नसतो. पण तो असतो तेव्हा मात्र एक दिवसही थांबून चालत नाही. हा फरक ओळखायला माणसांना किती काळ लागला, आणि आमच्या साष्टी बेटावर ही ओळख कशी होती, कशी गेली, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं माहेर बोरिवलीचं, एक्सरचं. एक्सरचे वीरगळ अभ्यासकांना ठाऊक आहेत. दगडावर जहाजं कोरलेली आहेत आणि समुद्रावरची लढाई. तिथून पश्चिमेला गोराईच्या खाडीकडे उतरत गेलेल्या जमिनीत वाड्या होत्या. केळी, वांगी, मिरची, भेंडी, दुधी, कुंपणाला मोगरा आणि अबोली. विहिरीवर रहाट, रहाटाला रेडा. माझ्या लहानपणी रहाट जाऊन ऑइल इंजिन आलं होतं, पण रहाटाची गाडगी विहिरीच्या काठावर उपडी पडलेली असत. खताला एरंडीची पेंड आणि सुक्या मासळीची कुटी. तिच्या वासाने पाहुणे नाक धरत आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी 1928 च्या जानेवारीत आली होती, त्यामुळे पहाटे तोडलेली भाजी पाट्यांतून दादरला आणि भायखळ्याला उजाडता उजाडता पोचे.

आजी वाडीत फिरायची ती पानं उलटी करत. वरून पान बघून ती कधी बोलली नाही. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पान उलटं करायची आणि सूर्याकडे तिरपं धरायची. मग म्हणायची, ‘बाय, हा मुरडा’ किंवा ‘हा मावा, राख आण.’ चुलीची राख चाळून पहाटेच्या दवात पानांवर उधळायची, तंबाखूच्या काड्या रात्रभर भिजवून त्याचं पाणी शिंपायचं, हे तिचे उपाय. माव्यावर दोन्ही लागू पडत. मुरड्यावर पडत नसत, आणि हे तिलाही माहीत होतं. मुरडा दिसला की ती झाड उपटून चुलीत घाले. वांग्याच्या शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ आला तर तेही चुलीत.

पण तिच्या वाडीत मुरडा कमी असायचा, त्याचं कारण मला या उपटण्यापेक्षा दुसरंच वाटतं. खाडी जवळ असल्यामुळे शिमग्यानंतर विहिरीचं पाणी मचूळ होई. मचूळ पाण्यावर मिरची-वांगी टिकत नाहीत. म्हणून होळीच्या आसपास जुनी सगळी झाडं काढून जाळली जात, आणि जून लागेपर्यंत केळी सोडली तर जमीन उघडी पडे. कुणी रोग टाळण्यासाठी हे करत नव्हतं. पाण्याने ते करायला लावलं होतं. मात्र त्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे पान वळवणारे विषाणू पसरवणारी पांढरी माशी ज्या दिवसांत सर्वांत जास्त वाढते नेमक्या त्याच दिवसांत, तिला बसायला मिरची नाही, वांगं नाही, भेंडी नाही. नवं रोप लागायचं ते पावसात, आणि मुंबईच्या पावसात माशी धुऊन जाते. आजची कृषी विद्यापीठं ‘उन्हाळ्यात पिकाला खंड द्या, रोगट अवशेष नष्ट करा’ असं जे सांगतात, ते एक्सरला मचूळ पाण्याने घडवून आणलं होतं.

टोमॅटो या वाड्यांत उशिरा शिरला. आमच्या स्वयंपाकात आंबटाला कोकम होतं, चिंच होती, कैरी होती. टोमॅटोवाचून काही अडत नव्हतं, आणि कित्येक घरांत तो सोवळ्याला चालत नसे. त्याला जागा मिळाली ती शहराच्या भुकेमुळे. दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या मे महिन्यात, मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम देशभर आली. अंगणं, मैदानाचे कोपरे, रुळांलगतच्या पट्ट्या यांत भाजी लावायला उत्तेजन मिळालं. मग 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी घरोघर परसबाग करा असं आवाहन केलं. दिल्लीत त्यांनी स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. त्या काळात चाळीच्या कठड्यावर आणि क्वार्टर्सच्या मागच्या मोरीजवळ डालडाचे रिकामे डबे मातीने भरलेले दिसू लागले. तळाला खिळ्याने भोकं, आत तुळस, कोथिंबीर, मिरची आणि नवलाईचं म्हणून टोमॅटो.

त्या डब्यांतला टोमॅटो बहुधा पुसा रुबी असे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ते वाण. फळ लहान, चपटं, रेघांचं, आंबट, सारासाठी उत्तम. आमच्या वाडीतही तेच आलं. दादांनी लावलेल्या पहिल्या वाफ्यात थंडीभर फळं आली आणि फाल्गुनात शेंडे आकसले. पानांच्या कडा वर वळल्या, पान पिवळं पडलं, दोन पेरांमधलं अंतर इतकं कमी झालं की झाड झुडपासारखं गोळा झालं. आजीने पान उलटं केलं, सूर्याकडे धरलं, आणि तिला काही दिसलं नाही. मिरचीच्या मुरड्यात कडा खाली जात. इथे त्या वर आल्या होत्या. तिने मुरडाच म्हटलं आणि झाडं चुलीत घातली. आज माहीत आहे की पुसा रुबी या रोगाला फार लवकर बळी पडतं. इतकं, की नवं वाण रोगाला किती तग धरतं हे तपासताना शेजारी मुद्दाम पुसा रुबी लावतात, म्हणजे रोग आलाय की नाही हे तरी कळावं.

एका नावाखाली दोन वेगळी दुखणी आली होती. ती वेगळी काढण्याचं काम तोवर शास्त्रज्ञांनी बरंच केलं होतं, आणि त्यातला मोठा वाटा पुण्याचा आहे. कुलकर्णींनीच 1924 मध्ये इलाख्यातल्या भेंडीच्या हळद्याची नोंद केली. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याधमक होतात आणि मग फळही पांढरटपिवळं येतं, तो रोग. 1940 मध्ये बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी त्याला विषाणूजन्य रोग म्हणून नाव दिलं. पुढे वर्मा यांनी त्याचं आणि पांढऱ्या माशीचं नातं तपशिलात तपासलं. तो अभ्यास 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. टोमॅटोच्या पान वळण्यावर दिल्लीचे आर. एस. वासुदेव आणि सॅम राज यांचा लेख 1948 चा. त्यात तो विषाणू आहे आणि पांढरी माशी तो नेते, हे मांडलं गेलं.

या प्रयोगांची रीत मला नेहमी थोर वाटत आली आहे. विषाणू तेव्हा कुणालाच दिसत नव्हता. मग जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी रोपं वाढवायची. दुसऱ्या पिंजऱ्यात रोगट झाडावर माशा सोडायच्या. त्यांना रस पिऊ द्यायचा, मग काचेच्या नळीने एकेक माशी ओढून घेऊन निरोगी रोपावर सोडायची, ठरावीक वेळाने ती मारायची आणि वाट बघायची. दोन-तीन आठवड्यांनी शेंडा वळला की एक उत्तर मिळालं. किती माशा लागतात, किती वेळ प्यावं लागतं, प्यायल्यावर किती वेळाने माशी रोग देऊ लागते, नर जास्त देतो की मादी, असा एकेक प्रश्न आणि प्रत्येकाला आठवडे. माशी जेमतेम एक मिलिमीटरची, नळीत जोरात ओढली तर मरते. हे काम मी माझ्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवण्यापुरतं केलं आहे, त्यामुळे त्यात श्वास किती जपून घ्यावा लागतो हे मला ठाऊक आहे.

त्यातून जे कळलं ते असं. रोगट पानावर माशीने सुमारे अर्धा तास रस शोषला तरी पुरतो. काही तासांनी ती रोग देऊ लागते आणि बहुधा मरेपर्यंत देत राहते. विषाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि जे पान अजून घडायचं आहे त्याची घडण बिघडवतो. घडून गेलेल्या पानाला तो वळवू शकत नाही. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की या विषाणूचा कण जुळा असतो, दोन गोळे एकमेकांना चिकटलेले. टोमॅटो, भेंडी, पपई, तंबाखू, ओसाडीसारखं तण, यांच्यावर याच कुळातले वेगवेगळे विषाणू आहेत आणि माशी एकच.

हे कुळ किती जुनं आहे याचा एक पुरावा जपानात सापडला. तिथली सम्राज्ञी कोकेन हिने इसवी सन 752 मध्ये एका कवितेत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या रानपानांचं वर्णन केलं. ती वनस्पती आणि तिचा आजचा रोग तपासून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की तो पांढऱ्या माशीनेच पसरणारा, याच कुळातला विषाणू असला पाहिजे. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानतात. सम्राज्ञीला कारण माहीत नव्हतं. पण अवेळी पिवळं पडलेलं पान तिने नेमकं टिपलं होतं, आणि साडेबाराशे वर्षांनी तेवढं पुरलं.

आता माझ्या टेबलावर येणाऱ्या पानांबद्दल. कुणी एकटं पान तोडून आणलं तर मी ते बाजूला ठेवते आणि झाड कुठे आहे ते विचारते, कारण एका पानावरून निदान होत नाही. पान झाडावर कुठलं होतं, खालचं की शेंड्याचं, हा पहिला प्रश्न. खालची, जुनी, पूर्ण वाढलेली पानं कडांकडून वर गुंडाळून अळुवडीच्या उंड्यासारखी झाली असतील, हाताला जाड, चामड्यासारखी लागत असतील, रंग हिरवा असेल आणि वर फूल-फळ नीट चाललं असेल, तर तो रोगच नाही. झाडाने पाणी वाचवण्यासाठी पानाचा पसारा कमी केलेला असतो. ऑक्टोबरच्या उन्हात, मार्चमध्ये, जास्त फुटवे एकदम खुडल्यावर, नत्राचं खत अति दिल्यावर, कुंडी दोन दिवस कोरडी ठेवून मग ओथंबून पाणी दिल्यावर हे होतं. आमच्याकडे उंच इमारतींत वाऱ्यामुळेही होतं. पंधराव्या-विसाव्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत दुपारभर वारा सुटलेला असतो, पान सुकत जातं आणि माती ओली असली तरी मुळांना तेवढं पाणी वर चढवता येत नाही. अशा झाडाला औषध मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला दुपारची सावली हवी, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन हवं आणि रोज एका वेळी पाणी हवं.

शेंड्याची पानं वळली असतील तर मी भिंग काढते. दहापट दिसणारं भिंग दहावीच्या मुलाच्या दप्तरातही असतं, आणि हातात टोमॅटो असलेल्या प्रत्येक माणसाकडे ते असावं असं माझं ठाम मत आहे. पान उलटं करायचं आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी देठापासून टोकाकडे सावकाश सरकायचं. पांढऱ्या माशीची पिल्लं दिसतात ती चपट्या, फिकट पिवळ्या खवल्यांसारखी, पानाला घट्ट बसलेली, हलत नाहीत. माशी असेल तर फांदीला टिचकी मारताच पांढरी भुकटी उडून परत तिथेच बसते. पान बारीक, सुरकुतलेलं, कडा वर आणि पिवळ्या, दोन पेरांमधलं अंतर आखूड, जुनी पानं मात्र पूर्वीसारखीच, हे सगळं एकत्र दिसलं की तो विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटण्याआधी त्यावर पिशवी घालायची, तोंड बांधायचं आणि मगच उपटायचं, नाहीतर उपटण्याच्या हिसक्याने सगळ्या माशा शेजारच्या कुंडीवर जाऊन बसतात. ही पिशवीची गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते, पण बाल्कनीत तीच सर्वांत महत्त्वाची.

कडा खाली वळल्या असतील, पानाची खालची बाजू तांबूस चकाकत असेल, तर कोळी. त्याला दहापट भिंगही कमी पडतं. पण तो चकाकता रंग पुरेसा बोलका असतो. आणि पान नुसतं दोरीसारखं बारीक होऊन लांबलं असेल तर तो वेगळाच विषाणू, काकडीवर्गातून आलेला, माव्याने आणलेला.

आमच्या वाड्यांबरोबर ही नजरही गेली. 1957 मध्ये बोरिवली आणि मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला, मग विकास आराखडे, रस्ते, सहकारी गृहनिर्माण संस्था. एक्सरची आमची विहीर बुजली, तिच्यावर आज गाड्या उभ्या राहतात. कुणी कुणाला फसवलं नाही. दादांनी रीतसर कागद करून जमीन दिली आणि भावंडांची शिक्षणं त्यातून झाली. पण ज्यांनी पानं उलटी करून बघितली होती ती माणसं पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि त्यांच्या नातवंडांनी टोमॅटो पाहिला तो फक्त फळ म्हणून. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार 1996 मध्ये वाशीला गेला. नारायणगाव आणि नाशिककडून क्रेटमध्ये भरलेला टोमॅटो ट्रकने येतो. त्याच्याबरोबर पान येत नाही. वैशाली, रूपाली ही संकरित वाणं आली आणि गेली. उपनगरातल्या माणसाला त्यातलं काही कळायची गरज राहिली नाही.

पूर्ण तुटलं मात्र नाही. वसई-विरारकडच्या बायका अजून पाट्या घेऊन गाडीने येतात, बोरिवली आणि अंधेरी स्टेशनबाहेर बसतात, आणि भेंडीचा हळद्या त्यांना लांबून ओळखता येतो. आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या पाड्यांवरच्या वारली बाया पावसाळ्यात काकडी, शिराळं, अळू घेऊन फुटपाथवर बसतात. मुलुंड ते घाटकोपर रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा, भेंडी वर्षानुवर्षं लावली गेली. त्या भाजीच्या पाण्याबद्दल लोक बोलतात आणि ते बोलणं रास्त आहे. पण त्या पट्ट्यांत राबणाऱ्या माणसांचं पानांविषयीचं ज्ञान कुणी विचारून लिहून घेतलं नाही, ही मला खरी हानी वाटते.

घरच्या टोमॅटोची दुसरी लाट आली ती गच्चीवर. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी सूर्यप्रकाश आणि पालापाचोळ्याच्या हिशेबावर थोड्या जागेत अन्न पिकवण्याचा विचार मांडला. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी रसवाल्याकडचा उसाचा चोथा पिशव्यांत भरून गच्चीवर भाज्या घेऊन दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत शहरी शेतीचे वर्ग चालतात. दर हिवाळ्यात राणीच्या बागेत महापालिकेचं प्रदर्शन भरतं, तिथे कुंडीतल्या भाज्यांभोवती मोठी गर्दी असते. मग 2020 ची टाळेबंदी आली, लोक घरात अडकले, स्वयंपाकघरातला पिकलेला टोमॅटो चिरून मातीत पुरला गेला आणि प्रत्येक बाल्कनीत रोप आलं. त्याच मे महिन्यात नगर, पुणे, नाशिकच्या शेतकऱ्यांच्या टोमॅटोवर रंगाचे पट्टे आले. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले, आणि माणसालाही तो होतो अशी अफवा उठली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हा काकडीवरचा मोझॅक विषाणू आहे. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही. तेव्हा मी फोनवर किती जणांना हे समजावलं असेल! लोकांनी हातची पिकलेली फळं कचऱ्यात टाकली होती. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला आणि तीच माणसं पुन्हा बी पेरू लागली.

बाजारातून आणलेल्या फळाचं बी पेरणाऱ्यांना मी थांबवत नाही, पण एक सांगते. संकरित फळाच्या बियांतून आईबापांसारखं झाड येईलच असं नाही, आणि रोगाला तग धरण्याचा गुण त्यात उतरेलच असंही नाही. तो गुण फार कष्टाने मिळवलेला आहे. हिसारच्या कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी यांनी 1980 च्या दशकात टोमॅटोच्या एका केसाळ रानटी भाईबंदाशी संकर करून एच-24 ही ओळ तयार केली. तिच्यातलं प्रतिकाराचं जनुक पुढे टीवाय-2 या नावाने तैवानपासून जगभरच्या वाणांत गेलं. बंगळुरूचं अर्का रक्षक हे पान वळणं, मर आणि करपा या तिन्हींना तोंड देणारं वाण म्हणून मिळतं. कुंडीत लावायला मी तेच सुचवते. पण माशीही स्वस्थ बसलेली नाही. तिची एक नवी, जास्त पिलावळ करणारी जात 1999 मध्ये कर्नाटकात कोलारच्या टोमॅटोवर सापडली आणि तिथून पसरत गेली. प्रतिकारक वाण म्हणजे अभय नव्हे; रोपाला पहिले पाच-सहा आठवडे बारीक जाळी लागतेच, कारण त्या वयात लागलेला रोग झाडाला फळापर्यंत पोचू देत नाही.

आमच्या गच्चीवर यंदा आम्ही मिळून बाग करतो आहोत. बी गणपतीनंतर, रोपं नवरात्रात, फळं जानेवारी-फेब्रुवारीत, आणि होळीला टोमॅटो-वांगी-मिरची सगळी काढून पावसापर्यंत वाफे मोकळे, असा क्रम मी सुचवला. पाण्याच्या टाकीमागे ओसाडी माजली होती तीही काढायला लावली. मोकळ्या वाफ्यांना काहींचा विरोध आहे. मुंबईत पाणी बारा महिने येतं, मग जागा रिकामी का ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांना कारण पटलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची मिरची मात्र मार्चमध्येही फुलावर आहे आणि त्यांना ती काढायची नाही. काल त्यांनी मला बोलावलं. शेंडे वळले होते. मी पान उलटं केलं: कडा खाली, पाठ तांबूस, माशी नाही, पिल्लं नाहीत. म्हटलं, ‘वहिनी, हा कोळी आहे, हिला उपटू नका. वळलेले शेंडे कात्रीने काढा, पिशवीत बांधून टाका, आणि पाण्यात विरघळणारं गंधक संध्याकाळी पानांच्या पाठीवर बसेल असं फवारा. दुपारी मारलंत तर पान भाजेल.’ आठवड्याने पुन्हा बघायला जाणार आहे. नवी पानं सरळ आली तर ती मिरची होळीनंतरही ठेवायला माझी हरकत नाही, फक्त टोमॅटोच्या वाफ्यांपासून लांब, त्यांच्या स्वतःच्या खिडकीत.